तीसबिघे शेत पाणथळ ठरवण्यास हरकत

प्रति,
मा. उपजिल्हाधिकारी,
पाणी व निसर्ग शाखा,
जिल्हा कचेरी.

अर्जदार : सोलांज कोशार, धंदा शेती, राहणार व्होमार, चर्चच्या मागे.

विषय : मौजे व्होमार येथील 'तीसबिघे' हे शेत कायमचे संरक्षित पाणथळ म्हणून जाहीर न करणेबाबत, तसेच इतर काही गोष्टी कळविणेबाबत.

संदर्भ : १. आपले शेवटचे पत्र, ज्यात अर्जदारास 'श्रीयुत' म्हटले आहे.
२. अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. अर्जदार सोलांज कोशार ही व्होमारची राहणारी असून जन्माने आणि हट्टाने शेतकरी आहे. संदर्भीय पत्रात आपण तिला 'श्रीयुत कोशार' असे संबोधले आहे. श्रीयुत कोशार हे अर्जदाराचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्याशीच पत्रव्यवहार करण्याचा कचेरीचा आग्रह असल्यास चर्चच्या आवारात त्यांची जागा आहे. उत्तर तिकडूनही येणार नाही, पण उत्तर न देण्याचे सबळ कारण तरी त्यांच्यापाशी आहे.

२. आपल्या पत्रानुसार तीसबिघे हे शेत या महिनाअखेर कायमचे संरक्षित पाणथळ म्हणून जाहीर व्हायचे आहे. एकदा ते जाहीर झाले की त्यात नांगर घालता येणार नाही, त्यातले पाणी काढता येणार नाही, दाणा पेरता येणार नाही. अर्जदाराच्या जमिनीतला निम्म्याहून मोठा तुकडा तोच. तो गेला की उरलेल्या तुकड्यांवर एक घर चालत नाही, हे आपल्याच शेती शाखेने अर्जदारास लेखी कळवलेले आहे. म्हणजे अर्जदाराने शेती सोडायची. आणि व्होमारमध्ये नांगर धरणारे दुसरे घर आता उरलेले नाही, सबब गावानेच शेती सोडायची. गावच्या वेशीवरच्या पाटीवर मात्र शेतीची म्हणून गव्हाची लोंबी आणि शेजारच्या संशोधन संस्थेचा म्हणून अणू शेजारी शेजारी काढलेले आहेत. लोंबी पुसायला आपल्याकडून माणूस येणार की ते कामही अर्जदारानेच करायचे, हे कळवावे.

३. मूळ प्रकरण समजण्यासाठी जमिनीखाली जावे लागेल. पठाराची माती चिकण आहे. पाणी पडले की पडूनच राहते. म्हणून अर्जदाराच्या पणजोबांच्या पिढीने कमरेइतक्या खोलीवर भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. शेताचे पाणी त्या नळ्यांतून गावच्या चरात जाते. वरून यातले काही दिसत नाही. दिसते ते फक्त नळीचे तोंड, चराच्या काठाला. दरवर्षी सेंट मार्टिनच्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, वरच्या शेताचा मालक आणि खालच्या जमिनीचा मालक, दोघांनी त्या तोंडाशी यायचे, हात घालून गाळ काढायचा, धार बघायची आणि तिथेच उभ्याने एकेक पेला वाइन घ्यायची, अशी आमच्याकडची पद्धत. वर्षभर एकमेकांचे तोंड न बघणारे शेजारीही त्या दिवशी येतात. न येणे म्हणजे पाण्यावरून भांडण काढणे, असे धरले जाते.

नळीचा शेवटचा टप्पा ज्या जमिनीखालून जातो ती संशोधन संस्थेने घेतली, तेव्हापासून खालचा शेजारी म्हणून अर्जदार दरवर्षी संस्थेला बोलावणे पाठवत आली आहे. बरीच वर्षे कोणी फिरकले नाही. मग एका वर्षी त्यांच्या जनसंपर्क विभागाचा एक तरतरीत गृहस्थ आला. अर्जदाराचा हात कोपरापर्यंत नळीत असताना त्याने फोटो काढला, "किती सुंदर परंपरा आहे, मादाम!" असे म्हणाला आणि संस्थेचे नाव छापलेली टोपी देऊन गेला. वाइन घेतली नाही, गाडी चालवायची होती म्हणे. ही नळी कुठून येते, असे त्याने विचारले नाही. विचारले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

४. त्यानंतर संस्थेने गरम पाण्याचे पाइप टाकण्यासाठी आपल्या हद्दीत खंदक खणला. खंदकात मातीच्या नळ्या लागल्या. दुसऱ्या कुठल्याही गावात मुकादमाने कुंपणावरून शेजाऱ्याला हाक मारली असती. इथे सगळेच विद्वान, त्यामुळे पुरातत्त्वाच्या लोकांना बोलावण्यात आले. त्यांनी तंबू ठोकला, कुंचल्याने नळ्या झाडल्या, चांगल्या दिसणाऱ्या तीन नळ्या कापसात गुंडाळून काढल्या, आणि संस्थेने उरलेल्या भागावर काँक्रीट ओतून खंदक बुजवला. त्या तीन नळ्या आज संस्थेच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत आहेत. खाली लिहिले आहे : 'शेतीच्या निचऱ्याच्या नळ्या. आता वापरात नाहीत.'

अर्जदारास हे फार उशिरा कळले. कळल्यावर ती पाटी वाचायला स्वतः गेली. "या माझ्या आहेत, आणि तुम्ही उचलेपर्यंत वापरात होत्या," असे तिने पहाऱ्यावरच्या माणसाला सांगितले. तो बिचारा म्हणाला, "असतील, मादाम. पण काचेला हात लावू नका, घंटा वाजते." अर्जदाराने हात लावला. घंटा वाजली. आपल्या फायलीत हे 'अर्जदाराचे आक्रमक वर्तन' म्हणून नोंदवले आहे, असे समजते. नोंद बरोबर आहे.

५. नळ्या काढल्या त्या हिवाळ्यात तीसबिघ्यांत पाणी तुंबले आणि गहू पिवळा पडून कुजला. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. चरापलीकडे गेतां फ्रेमों याचे शेत आहे. नांगर त्याने केव्हाच सोडला, पण बांधावर त्याच्या वडिलांनी लावलेली पॉप्लरची झाडे होती. पॉप्लरची मुळे पाण्याच्या वासाने नळीत शिरतात, हे आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. अर्जदाराने गेतांला एका शब्दाने दोष दिला नाही. तरी तो एका सकाळी टोपी हातात घेऊन दारात आला आणि म्हणाला, "सोलांज, माझ्या झाडांनी तुझा गहू खाल्ला." अर्जदार नको नको म्हणत असताना त्याने ती सगळी रांग पाडली. झाडे गेली, पाणी तसेच राहिले. संस्थेने आजतागायत गेतांची साधी चौकशीसुद्धा केलेली नाही. अर्जदारास आपल्या गव्हापेक्षा त्या झाडांचे जास्त वाईट वाटते.

६. अर्जदाराच्या घरी माडीवरच्या खोलीत तियाना राव्हेलो ही मुलगी भाड्याने राहते. ती मूळची मादागास्करच्या घरातली, वाढलेली तुलूझला, आणि याच संस्थेत जीवशास्त्राचे संशोधन करते. एका रविवारी ती तुंबलेल्या पाण्यात हात घालून बघत होती, ती एकदम किंचाळली. साप असेल म्हणून अर्जदार फावडे घेऊन धावली. तियानाच्या हातात पाणसरडा होता, पाठीवर तुरा, पोट नारिंगी.

"फावडं खाली ठेवा, मादाम सोलांज! हे पठारावरून संपले असं सगळे म्हणत होते!"

"ठेवते. पण हा माझ्या गव्हात काय करतोय, ते विचार त्याला."

त्याला विचारता येईना, म्हणून तियानाने पाण्याला विचारायचे ठरवले. झऱ्यांचा माग काढायला वापरतात तो हिरवा, निरुपद्रवी रंग तिने शेतातल्या नळीत वरच्या टोकाकडून ओतला. अर्जदार, तियाना आणि गेतां चराच्या काठाला पाव आणि चीज घेऊन बसले, हिरवी धार कधी येते ते बघत. धार आलीच नाही. दुपारी संस्थेत भोंगे वाजू लागले. तळघरात चकाकणारे हिरवे पाणी शिरले होते.

देशातली नामांकित डोकी इमारतीबाहेर हिरवळीवर उभी होती. हातात किरणोत्सर्ग मोजायची यंत्रे होती आणि यंत्रे काही बोलत नव्हती, त्यामुळे ही डोकी जास्तच घाबरलेली होती. आगीचे बंब आले. अर्जदाराने कुंपणाशी जाऊन ओरडून सांगितले, "अहो, घाबरू नका, ते माझ्या शेतातलं पाणी आहे!" तेव्हा एक वयस्कर प्राध्यापक कळवळून म्हणाले, "मादाम, मागे व्हा, तुमच्या जिवाला धोका आहे." तियानाने पुढे होऊन रंगाचे नाव सांगितले तेव्हा कुठे मंडळी आत गेली. नळी नेमकी कुठे तुटली, हे त्या दिवशी सर्वांना कळले. त्यावर संस्थेने काय केले? अर्जदारावर तक्रार केली. नळी जोडून देतो, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

७. मग नळी जोडण्याची परवानगी मागायला अर्जदार आपल्या कचेरीत आली, आणि आपण तिच्या शेतावर निरीक्षक पाठवलेत. याबद्दल आभार मानावेत की नाही, हे तिचे अजून ठरत नाही. निरीक्षक मस्यू देवो यांनी शेतात भोक पाडून माती वर काढली, बांधावरची लव्हाळी बघितली आणि म्हणाले, "पाणथळ आहे, मादाम."

"आहे नव्हे. केलेली आहे."

"नियमात मातीचा रंग बघायचा असतो आणि गवताची जात. पाणी का आलं, हे विचारायची सोय नाही."

"तुमच्या कचेरीचं छप्पर गळालं तर खाली बदकं सोडता का?"

मस्यू देवो हसले. माणूस वाईट नाही. त्यांनी अर्जदाराकडे मसुराचे सूप घेतले, दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि परत जाऊन शेत पाणथळ असल्याचा अहवाल दिला.

८. इथपर्यंत अर्जदार याला साधा आंधळा कारभार समजत होती. पुढचे वाचताना आपणही खुर्चीत जरा सावरून बसावे. संस्थेने नवा वाहनतळ करताना गावचे जुने तळे बुजवले होते. जो पाणथळ बुजवतो त्याने तेवढीच पाणथळ दुसरीकडे निर्माण करून द्यावी, असा कायदा आहे. संस्थेने निर्माण केलेली पाणथळ म्हणून आपण कोणती जागा मंजूर केलीत? तीसबिघे. ज्यांनी नळी फोडली त्यांनाच शेत बुडवल्याचे श्रेय. मालकाच्या संमतीचे काय, असे अर्जदाराने आपल्या खिडकीवर विचारले तेव्हा तिला सांगण्यात आले की संमतीचा पुरावा जोडलेला आहे. पुरावा म्हणजे तो फोटो. अर्जदाराचा हात नळीत, तोंडावर हसू, आणि खाली ओळ : 'शेजाऱ्यांशी सौहार्दाचे संबंध.'

महोदय, अर्जदार त्या फोटोत हसते आहे कारण त्या वर्षी धार चांगली होती.

शेताच्या कडेला आता संस्थेची पाटी लागली आहे : 'निसर्गाला नवे जीवन, आपल्या संशोधकांकडून.' पाटीशेजारी लाकडी मचाण आहे. शाळेची मुले मचाणावर चढून अर्जदाराचा कुजलेला गहू बघतात आणि त्याची चित्रे काढतात. मुलांबद्दल तक्रार नाही, चित्रे चांगली असतात. पाठोपाठ आपल्या शाखेची नोटीस आली की अर्जदाराची बदके पाणसरड्यांची अंडी खातात, तरी बंदोबस्त करावा. हा एक हुकूम अर्जदाराने तत्परतेने पाळला आहे. बंदोबस्त भट्टीत, कांदा आणि सफरचंद घालून करण्यात आला.

९. तियानाला हे सगळे समजले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून रडली. "मी ते पाणसरडे मोजून नोंदवले म्हणून हे झालं, मादाम सोलांज. मी गप्प बसले असते तर!"

"मोजणं तुझं काम, पोरी, ते तू चोख केलंस. डोकं चालवणं ज्यांचं काम होतं, त्यांना विचारू आपण."

मग तिनेच सांगितले की हे पाणसरडे आभाळातून पडलेले नाहीत. गावच्या तळ्यात ते कायमचे राहत होते. तळे बुजले तेव्हा जे वाचले ते ओल शोधत तीसबिघ्यांत आले. तेव्हापासून अर्जदाराचे त्या प्राण्यांशी भांडण मिटले आहे. त्यांचेही घर त्याच लोकांनी बुजवले आहे. अर्जदाराला राग येतो तो याचा, की दोन बेघरांना एकाच शेतात कोंडून त्यांची भांडणे लावायची आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचे.

१०. आता 'इतर काही गोष्टी' कळविण्यात येतात. पाणसरडे उन्हाळा सरताना पाणी सोडतात आणि दगडाखाली, गवताच्या मुळाशी कोरड्यात जातात. त्या सुमारास पाणी काढले तर त्यांना फारसा त्रास होत नाही, हे अर्जदारास जेवताना बोलण्याबोलण्यात कळले होते. कोणाकडून, ते आठवत नाही. उन्हाळा सरत आला तेव्हा अर्जदाराने परवानगीसाठी पुन्हा अर्ज केला. पोच आली. पेरणीचे दिवस जवळ येत चालले, पण उत्तर आले नाही. सबब अर्जदाराने नळी जोडली.

आधी तिने अंगणामागचे बदकांचे डबके खोल केले, कडेला दगड रचले आणि तीसबिघ्यांचा खालचा कोपरा कायमचा पाण्याला सोडून दिला. पाण्यात उरलेले पाणसरडे आणि त्यांची पिल्ले बादल्यांतून डबक्यात नेली. मग काँक्रीटच्या अलीकडे, स्वतःच्याच हद्दीत, नवी वाट खणून नळी वळवली आणि संस्थेच्या कुंपणाला वळसा घालून गावच्या चरात सोडली. संरक्षित प्राणी विनापरवाना हलवणे आणि मनाई असताना निचरा करणे हे दोन्ही गुन्हे आहेत, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. बादल्या अर्जदाराच्या होत्या, हातही अर्जदाराचेच होते. तियाना राव्हेलो त्या दिवशी आईकडे तुलूझला गेली होती. गेतां फ्रेमों पाठदुखीने अंथरुणाला खिळला होता. खोदयंत्र त्याचे असले तरी ते अर्जदार चालवत होती. संस्थेच्या कॅमेऱ्यात दुसरेच कोणी दिसत असल्यास कॅमेरा दुरुस्त करून घ्यावा.

११. काल सेंट मार्टिनचा दिवस होता. नव्या तोंडाशी धार बघायला गेतां आला, तियाना आली. खालचा शेजारी म्हणून संस्थेला बोलावणे होतेच, कारण पद्धत ती पद्धत. कोणी येईल असे वाटले नव्हते. पण शेताच्या कडेने चिखल तुडवत भोंग्यांच्या दिवशीचे ते वयस्कर प्राध्यापक आले. त्यांचे नाव इलेर मोर्विये.

"यायला उशीर झाला, मादाम," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्हीच खरं सांगत होतात, आणि मी तुम्हाला मागे सारलं."

"बोलणं नंतर. बाही वर करा आधी."

त्यांनी बाही वर केली, आडवे पडून नळीत हात घातला आणि मूठभर गाळ बाहेर काढला. धार आली. गेतांने त्यांना पेला भरून दिला, तो त्यांनी तळापर्यंत घेतला. नळी वापरात होती आणि संस्थेने ती तोडली, हे लिहून द्यायला ते तयार आहेत. संस्थेचे वरिष्ठ त्यांच्यावर नाराज होतील, असे अर्जदाराने त्यांना बजावले. "होऊ देत. निवृत्तीला आलोय, मादाम," असे त्यांचे उत्तर आहे. त्यांची सही खाली आहे.

१२. सबब अर्जदाराचे मागणे असे की तीसबिघ्यांवरचा पाणथळीचा शिक्का उठवावा. पाणसरडे जिथे खरोखर आहेत त्या जागेला, म्हणजे अंगणामागच्या डबक्याला आणि शेताच्या खालच्या कोपऱ्याला, खुशाल संरक्षण द्यावे. ती जागा अर्जदार आपखुशीने देते, तिचा फोटो हवा असल्यास तोही काढू देईल. कायद्याप्रमाणे तळे देणे संस्थेला भाग असल्यास त्यांनी ते जिथे बुजवले तिथेच, वाहनतळात, उकरावे. संशोधकांनी बसने यावे, बस चर्चपाशी थांबते. काचेच्या पेटीखालची पाटीही बदलावी, त्या नळ्यांची नवी भावंडे आता रोज कामावर असतात.

अर्जदारावर खटला भरायचा असल्यास भरावा, ती कोर्टात वेळेवर हजर राहील. परंतु नळी पुन्हा फोडण्याचा हुकूम निघणार असेल तर तो टपालाने पाठवू नये. मस्यू देवो यांच्या हाती देऊ नये, त्यांना अर्जदार जेवायला बसवेल आणि हुकूम खिशातच राहील. आपण स्वतः घेऊन यावे. फोडायला माणूसही सोबत आणावा, कारण व्होमारमध्ये तो मिळणार नाही. अर्जदार हातापाया पडणार नाही की दार लावून आत बसणार नाही. ती शेतातच भेटेल. आपण आलात तर तिची एकच विनंती आहे, आणि या सबंध अर्जात विनंती म्हणावी अशी तेवढीच आहे. तीसबिघ्यांत गहू पेरलेला असून तो बोटभर वर आला आहे. कृपया बांधावरून चालावे.

आपली, सभ्यपणे पण ठामपणे,

(सही)
सोलांज कोशार
शेतकरी, व्होमार

साक्षीदार : (सही) इलेर मोर्विये, प्राध्यापक

व्होमार, १२ नोव्हेंबर